एकाच खोट्याची मुभा

विज्ञान कादंबरीला एक खोटं माफ असतं, दुसरं नसतं. गेल्या काही वर्षांत पुण्यात आम्ही तीन-चार जणांनी मिळून जी हस्तलिखितं वाचली, दुरुस्त केली, छपाईपर्यंत नेली, त्यांतली जी पडली ती बहुतेक दुसऱ्या खोट्यावरच पडली. पुढे दिलेला प्रवास त्यांतल्या एका कादंबरीचा आहे. मुलगा मंगळावरच्या वसाहतीत, आई पुण्यात कोथरूडला, काळ २०९० च्या आसपासचा. हिशोबाच्या वहीपासून छापील प्रतीपर्यंत दोन वर्षं लागली, आणि त्यात उगाच गेलेला वेळ फारसा नव्हता.

पहिले दोन महिने कादंबरीची एक ओळही लिहायची नाही. शंभर पानी फुलस्केप वही घ्यायची आणि पहिल्या पानावर ते एकमेव खोटं एका वाक्यात लिहायचं. इथे ते होतं: ‘माणसाला सात महिने शीतनिद्रेत ठेवता येतं.’ या वाक्यात ‘आणि’ शिरला की सावध व्हायचं. पहिल्या टिपणात ‘आणि जागा झाल्यावर तो लगेच कामाला लागतो’ असं शेपूट होतंच. वजनरहित अवस्थेत शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. सात महिन्यांनी उतरलेला माणूस लगेच खोदकामाला लागत नाही. शेपूट तोडायचं की ठेवायचं यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी ते वाचलं अस्वलामुळे. हिवाळी झोपेत अस्वल महिनोन्महिने जवळजवळ हलत नाही, तरी त्याची हाडं फारशी झिजत नाहीत. शीतनिद्रा एकदा मान्य केली की हाडंही तिच्याच खात्यावर मांडता येतात. एका खोट्याचा विस्तार चालतो, नवं खातं उघडायचं नाही.

वहीची पुढची पानं निव्वळ आकड्यांची. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो, म्हणजे तिथलं घड्याळ पुण्याच्या घड्याळामागे रोज सुमारे ४० मिनिटं पडत जातं. आज दोन्हीकडे सकाळचे सात वाजले असतील, तर अठरा दिवसांनी आई सकाळचा चहा गाळत असेल तेव्हा मुलाकडे संध्याकाळचे सात असतील. छत्तीस-सदतीस दिवसांनी पुन्हा जुळतं. पृथ्वी-मंगळ अंतर कमीत कमी साडेपाच कोटी किलोमीटर, जास्तीत जास्त चाळीस कोटी. त्यामुळे संदेशाला एका बाजूने तीन मिनिटांपासून बावीस मिनिटांपर्यंत काहीही लागू शकतं. यान सोडायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते, म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात दुसरी तुकडी येतेय’ हे वाक्य लिहायची सोय नाही.

हे सगळं एक्सेलच्या एका तक्त्यात बसवायचं. प्रत्येक प्रकरणाला एक ओळ; रकाने चार: पुण्याची तारीख आणि वेळ, वसाहतीतली वेळ, दोन ग्रहांमधलं अंतर, संदेशाचा उशीर. बेचाळीस प्रकरणं, बेचाळीस ओळी. तक्ता करायला चार संध्याकाळी लागतात आणि तो न करता लिहिलेली कादंबरी नंतर दुरुस्त करायला चार महिने लागतात. कथानकात एक प्रकरण पुढे-मागे केलं की तक्ता आधी बदलायचा, मजकूर नंतर. हा क्रम उलटा केला की वाट लागलीच.

तक्त्याची खरी किंमत एकोणिसाव्या प्रकरणात कळली. वडिलांचं ऑपरेशन घरच्यांनी लपवलं म्हणून आई-मुलाचं कडाक्याचं भांडण, असा तो प्रसंग. पहिल्या मसुद्यात दोघं फोनवर तडातडा भांडत होते. संवाद झकास होते. तक्ता मात्र सांगत होता की त्या दिवशी अंतर २५ कोटी किलोमीटर आहे, म्हणजे शब्द पोचायला १४ मिनिटं आणि उत्तर परत यायला एकूण २८. लेखक अशा वेळी एकच पळवाट काढतो: २०९० पर्यंत काहीतरी नवं तंत्र निघालं असेलच की! हेच ते दुसरं खोटं. ते स्वीकारलं असतं तर आधीच्या अठरा प्रकरणांतला दुरावा फुकट गेला असता, कारण मुलाशी क्षणात बोलता येतं म्हटल्यावर आई त्याच्यासाठी झुरते कशाला?

मग प्रसंग वेळांवर बसवला. आईने सगळं कबूल करून माफी मागणारा निरोप सात वाजता सोडला. तो सात चौदाला पोचणार. ऑपरेशनची बातमी मुलाला तोवर दुसरीकडून कळलेली, त्याने सात पाचला संतापून निरोप पाठवला. तो आईला सात एकोणीसला ऐकू आला. क्षणभर तिला वाटतं, माफी ऐकूनही हा असं बोलतोय. मग ती भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्याच्या पाठीवर पेन्सिलीने वेळा मांडते. सात अठ्ठावीसच्या आधी आलेलं काहीही तिच्या माफीचं उत्तर असूच शकत नाही. ती घड्याळाकडे बघत बसते. सात अठ्ठावीस होतात, तीस होतात, चाळीस होतात. काहीच येत नाही. मसुद्यातली साडेतीन पानांची संवादबाजी गेली आणि त्या जागी दीड पान आलं. पुढे ज्यांनी ज्यांनी हस्तलिखित वाचलं, त्यांनी आधी याच दीड पानाचा विषय काढला.

तक्त्यातून आणखी एक गोष्ट आयती मिळाली. साधारण २६ महिन्यांतून एकदा सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मध्ये येतो आणि त्या काळात सुमारे दोन आठवडे मंगळावरच्या यानांना आज्ञा पाठवणं थांबवतात. सूर्याभोवतीच्या तप्त वायूत संदेश विस्कटतात. बत्तिसाव्या प्रकरणासाठी लेखकाने ‘अँटेना तुटते’ असं काहीतरी योजलं होतं. अँटेना तोडायची गरजच नव्हती. चौदा दिवसांची बोलती बंद पंचांगातच होती, फक्त प्रकरणाची तारीख सहा आठवड्यांनी पुढे न्यावी लागली.

वाऱ्याचं प्रकरण मात्र पूर्ण टाकावं लागलं. मंगळावरच्या वादळात क्रेन उलथते, हे चित्र फारच लोकप्रिय आहे आणि साफ चुकीचं आहे. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या शंभरावा भागसुद्धा नाही, घनता साठावा भाग. वाऱ्याचा धक्का घनतेच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत असतो. त्यामुळे ताशी १०० किलोमीटरच्या मंगळी वाऱ्याचा रेटा आपल्याकडच्या ताशी १३ किलोमीटरच्या झुळकेइतका भरतो. पुण्यातल्या तळजाई टेकडीवर संध्याकाळी लागतो तेवढा. वादळाचा खरा मार धुळीचा: ऊन अडतं, सौर पट्ट्या झाकल्या जातात, वीज आटते. ‘ऑपर्च्युनिटी’ ही मंगळावर फिरणारी यंत्रगाडी २०१८ च्या धुळीच्या वादळानंतर कायमची गप्प झाली ती याच कारणाने. धूळ क्रेनइतकी नाट्यमय दिसत नाही, पण हळूहळू वीज संपत जाणं कादंबरीला जास्त मानवतं.

स्वयंपाकाचं कुणी बघत नाही, म्हणून ते मुद्दाम बघायचं. वसाहतीच्या आत हवेचा दाब किती ठेवलाय हे लेखकाने ठरवावं लागतं. या कादंबरीत तो पृथ्वीच्या ७० टक्के होता. एवढ्या दाबाला पाणी ९० अंशांना उकळतं. सिंहगडावर, १,३०० मीटर उंचीवर, ते ९६ अंशांच्या आसपास उकळतं आणि तेवढ्यानेही डाळ शिजायला वेळ घेते. तेव्हा वसाहतीतली तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजवायची नाही, कुकर लागतो. मग कुकर पृथ्वीवरून नेला की तिथे बनवला, त्याची रिंग गेली तर काय, असे प्रश्न निघतात आणि एक छोटं प्रकरण आपोआप उभं राहतं.

तज्ज्ञांना विचारण्याची एक पद्धत आहे. अख्खं हस्तलिखित पाठवून ‘विज्ञान बरोबर आहे का बघाल का?’ असं विचारलं की उत्तर येत नाही, आणि त्यांचा दोष नाही. एक पान पाठवायचं, त्यावर पाच प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एक आकडा. अशी पानं आठ दिवसांत परत येतात. पुण्यात विचारायला माणसांची वाण नाही: विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, रसायनशास्त्रासाठी पाषाण रस्त्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञान दिनाच्या सुमाराला ती सर्वसामान्यांना बघता येते, ती संधी सोडू नये. आमच्याकडे आलेल्या एका हस्तलिखितात नायिका खोडदच्या दुर्बिणीला डोळा लावून धूमकेतू बघत होती. तिथे डोळा लावायला काही नाही. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, त्यांतल्या चौदा मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या, आणि त्या सगळ्या मिळून रेडिओ लहरी टिपतात. चित्र नंतर संगणकावर तयार होतं. खोडदला एक फेरी मारली असती तर ते वाक्य लिहिलंच गेलं नसतं.

आता भाषा. मराठी विज्ञान कादंबरीत आकड्यांच्या चुकांपेक्षा शब्दांच्या चुका जास्त असतात. मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे अब्ज. इंग्रजी संदर्भ घाईत वाचताना मिलियनचे नुसते ‘लाख’ होतात आणि तारा दहापट जवळ येतो. ‘प्रकाशवर्ष’ हे अंतर आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. तरी ‘कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी’ दर तिसऱ्या हस्तलिखितात भेटतं. पारिभाषिक शब्दांची एक यादी आधीच करायची, साठ-सत्तर शब्दांची, आणि प्रत्येकापुढे लिहायचं: निवेदनात काय, पात्रांच्या तोंडी काय. या कादंबरीत निवेदक ‘कृष्णविवर’ म्हणतो, वसाहतीतला तंत्रज्ञ ‘ब्लॅक होल’ म्हणतो. ‘प्राणवायू’ मात्र दोघांच्याही तोंडी नाही. ज्या माणसाची टाकी संपत आलीय तो ‘ऑक्सिजन’ असंच ओरडेल. परिभाषा कोशातला शब्द चांगला की वाईट हा वाद इथे लागूच नाही. धाप लागलेली असताना तो उच्चारता येतो का, एवढंच बघायचं.

लेखन स्वतः सगळ्यांत कमी गुंतागुंतीचं. साधारण ६५ हजार शब्द, रोज ५००, आठवड्याचे पाच दिवस: सव्वीस आठवडे. नोकरी सांभाळून एवढंच होतं. मसुदा पूर्ण झाला की दोन महिने कपाटात ठेवायचा.

त्यानंतर वाचक, आणि इथे लेखकाचं नाव काढून टाकायचं. याला आपल्याकडे जुना दाखला आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून बनवलेलं हे नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात उतरवलेली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांना पद्मभूषण १९६५ मध्येच मिळालेलं होतं; त्या नावाने कथा गेली असती तर परीक्षकांची पंचाईत झाली असती. आपल्या हस्तलिखिताला ती अडचण नसते, उलटी असते: वाचक ओळखीचे असतात आणि ओळखीचा माणूस ‘छान झालंय’ म्हणतो. म्हणून तिसऱ्या कुणाच्या हातून, नावाविना, तिघांना द्यायचं. एक त्या विषयातला, एक विज्ञानकथा कधीच न वाचणारा आणि एक मुद्रितशोधक. तिघांनाही एकच सूचना: जिथे वाचायचं थांबलात तिथे पेन्सिलीने रेघ मारा, कारण लिहू नका. दोन रेघा एकाच पानावर पडल्या की ते पान पुन्हा लिहायचं.

याच नारळीकरांकडे बघून एक भ्रमही होतो, की विज्ञानकथेवर संसार चालतो. त्यांची नोकरी आधी मुंबईत टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत आणि १९८८ पासून पुण्यात आयुकाचे संस्थापक संचालक म्हणून होती. कथा-कादंबऱ्या त्या कामाच्या कडेने आल्या. १९७४ च्या त्या कथेपासून २०२१ मधल्या नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत सत्तेचाळीस वर्षं गेली. आपला हिशोब साधा ठेवावा. समजा किंमत ३५० रुपये, मानधन छापील किमतीच्या १० टक्के, आवृत्ती हजार प्रतींची: सगळ्या प्रती खपल्या तर ३५ हजार रुपये, तेही विक्री होईल तसे, वर्षाच्या अखेरीस. त्यापेक्षा नाव टिकवतात ते दिवाळी अंक. त्यांना कथा जून-जुलैतच द्यावी लागते, म्हणून कादंबरीचं एखादं सुटं वाचता येणारं प्रकरण आधीच बाजूला काढून ठेवायचं.

करारात तीन गोष्टी बघायच्या. हक्क कोणते, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी. कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क’ या ओळीखाली सही करू नये. छापील मराठी आवृत्ती एवढंच द्यावं, ऑडिओ, ई-बुक, भाषांतर आणि चित्रपट वेगळे ठेवावेत. विज्ञान कादंबरीला ऑडिओची मागणी येते, तेव्हा ही ओळ आठवते.

छपाईचा हिशोब फॉर्म्यावर चालतो. डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच, सोळा पानांचा एक फॉर्मा. ६५ हजार शब्दांची पानं सव्वादोनशेच्या आसपास होतात, श्रेयनामावली, अर्पण, मनोगत धरून २३४. पंधरा फॉर्मे म्हणजे २४०, नीट बसतं. पानं २४६ झाली असती तर सोळावा फॉर्मा सुरू झाला असता आणि दहा कोरी पानं वाचकाच्या गळ्यात पडली असती. अशा वेळी सहा पानं मजकुरातून काढायची; प्रत्येक कादंबरीत ती असतातच. अंतिम पानसंख्या कळल्याशिवाय मुखपृष्ठ पक्कं करू नये, कारण स्पाइनची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या कण्याची, रुंदी पानांवर आणि कागदाच्या जाडीवर ठरते. वेळेचंही गणित आहे. ऑगस्टच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत छापखाने अंकांच्या गर्दीत असतात, आणि जुलैत कागद ओल धरतो, कडा लहरी होतात. प्रुफं दिवाळीच्या आत संपवून दिवाळी उरकताच छपाईला द्यावं म्हणजे डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुस्तक महोत्सवाला प्रती हातात येतात.

पण त्याआधी सदाशिव पेठेतल्या जुळणीवाल्याकडे जे झालं ते सांगायलाच हवं. हस्तलिखित युनिकोडमध्ये होतं, त्यांनी ते त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये उतरवलं. ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या, ‘ऱ्या’चे ‘र्या’ झाले, ‘ॲ’च्या जागी चौकोन आले. हे सगळं डोळ्यांना खटकतं, म्हणून पहिल्या प्रुफातच सापडलं. न खटकणारी चूक घातक असते. सूर्यापासून मंगळाचं सरासरी अंतर एका ठिकाणी ‘२.३ × १०⁸ किलोमीटर’ असं लिहिलेलं होतं. रूपांतरात वरचा आठ खाली उतरला आणि छापलं गेलं ‘२.३ × १०८’. १०८ हा आकडा मराठी डोळ्याला इतका ओळखीचा, की दोन प्रुफं तो तसाच निसटला. गुणाकार केला तर २४८ किलोमीटर येतात, म्हणजे मंगळावरून सूर्य पुण्याहून कागल जितका लांब, तितका! तेव्हापासून कादंबरीत घातांक लिहायचे नाहीत असं ठरलं. ‘तेवीस कोटी’ लिहायचं. प्रुफं तीन: पहिलं मूळ प्रतीशी ओळीने ओळ ताडून, दुसरं फक्त आकडे आणि वेळा हिशोबाच्या वहीशी ताडून, तिसरं वाचकासारखं. दुसऱ्या प्रुफाला कुणी वेळ देत नाही. शुद्धलेखनात ‘गुरू’ ग्रह दीर्घ आणि ‘गुरुत्व’ ऱ्हस्व, दोन्ही एकाच पानावर बरोबर असतात. नवा मुद्रितशोधक त्यांतलं एक हमखास ‘दुरुस्त’ करतो, त्याला आधीच सांगून ठेवायचं.

पुस्तक आलं की एक प्रत बाजूला काढायची, पहिल्या पानावर ‘दुसऱ्या आवृत्तीसाठी’ असं लिहायचं आणि ती कुणालाही वाचायला द्यायची नाही. वाचकांची पत्रं, फोन, मेसेज यांतून येणारी प्रत्येक चूक तिच्यात लाल पेनाने नोंदवायची. विज्ञान कादंबरीचा वाचक पेन्सिल घेऊन वाचतो, विशेषतः निवृत्त इंजिनिअर. या कादंबरीच्या त्या प्रतीत सध्या नऊ दुरुस्त्या आहेत. पहिल्या आठ जोडाक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या. नववी पान १४३ वरची: वसाहतीच्या खिडकीतून मुलगा फोबॉसला, मंगळाच्या एका चंद्राला, पूर्वेकडून उगवताना बघतो. फोबॉस मंगळाभोवती साडेसात तासांच्या आसपास एक फेरी मारतो, खुद्द मंगळ स्वतःभोवती फिरतो त्याहून कितीतरी वेगाने, त्यामुळे तो उगवतो पश्चिमेला. वहीत हे अकराव्या पानावर बरोबर लिहिलेलं आहे.